परसातलं तळं : या चुका टाळा

"तळं बांधलंय, जरा बघून जा," असा फोन आला की मी आधी विचारतो, मासे सोडले का? पलीकडे सगळं गप्प झालं की समजायचं, सोडले आणि मेले.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चिऱ्याचं बांधकाम, आतून सिमेंटचा गिलावा, तो वाळला की लगेच पाणी आणि लगेच मासे. माझ्या मेहुण्याने हेच केलं. वास्तुशांत रविवारी, गिलावा आदल्या सोमवारी. मी म्हटलं, नुसतं पाणी भर, वर चार जास्वंदी सोड, पाहुण्यांना तेवढं पुरे. पण त्याला लाल मासेच दाखवायचे होते. शनिवारी संध्याकाळी वीस गोल्डफिश सोडले. रविवारी पहाटे फोन, "भावोजी, रात्री कोणी पाण्यात काही टाकलं असेल का हो?" संशय शेजाऱ्यावर. जाऊन पाण्यात बोटं बुडवली, तर साबण लावल्यासारखी बुळबुळीत. मत्स्यालयाच्या दुकानात सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) तपासायच्या कागदी पट्ट्या मिळतात. त्यातली एक बुडवली, तर तिचा रंग तक्त्यातल्या शेवटच्या चौकोनाच्याही पलीकडे गेला. शेजारी निर्दोष सुटला. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, पाणी जहाल अल्कधर्मी होतं आणि माशांचे कल्ले त्यात भाजून निघतात. गुरुजी यायच्या आत आम्ही दोघं माडाच्या बुंध्याशी खड्डा खणत होतो.

मी काय करतो ते सांगतो. गिलाव्यावर दोन आठवडे पाणी मारायचं. मग तळं काठोकाठ भरायचं, आठवड्याने उपसायचं, काथ्याने भिंती घासायच्या, पुन्हा भरायचं. असं तीन-चार वेळा. एका खेपेला केळीच्या खांबाचे तुकडे टाकून कुजू देतो. पाणी काळपट होतं, वास मारतो, घरचे बोलतात. ते पाणी फेकायचं. पट्टी ८.५ च्या खाली आली की आधी झाडं, आणि महिन्याने मासे. हे सगळं व्हायला दोन-अडीच महिने जातात. एवढा दम नसेल तर प्लास्टिकचा मोठा टब आणा, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. "हा रंग मारा, उद्या मासे सोडा" म्हणणाऱ्या दुकानदारावर मात्र माझा काडीचा विश्वास नाही.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे हिरवं पाणी. नव्या तळ्याचं पाणी दोन-तीन आठवड्यांत पालकाच्या पातळ भाजीसारखं होतं. होणारच. ऊन आहे, पाण्यात खत उतरलंय आणि ते खाणारी झाडं अजून वाढलेली नाहीत. आमच्या आळीतल्या एका काकूंनी एका उन्हाळ्यात तीनदा तळं उपसलं. दर वेळी ताजं पाणी, दर वेळी नवं शेवाळ. चौथ्यांदा कोणाच्या तरी सांगण्यावरून मोरचूद टाकला. शेवाळ गेलं, सोबत गोगलगायी आणि मासेही गेले. काकू, हात बांधून बसायचं! निम्मं पाणी पानांनी झाकेल इतकी कुमुदिनी लावा, माशांचं खाणं कमी करा. कुंडीत शेणखत तर भरूच नका. ते तरंगतं आणि शेवाळालाच पोसतं. चिकणमाती भरा, वर दोन बोटं वाळू पसरा.

पावसाचा हिशोब बहुतेक जण विसरतात. कोकणात दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे काही नवल नाही. ३ मीटर बाय २ मीटर तळ्यात तेवढ्यानेच ६०० लिटर पाणी पडतं. वर १०० चौरस मीटर छपराची पन्हळ तळ्यात सोडली असेल, तर आणखी १०,००० लिटर! जादा पाणी बाहेर काढायला अर्ध्या इंची नळी काय पुरणार? निदान तीन इंची पाइप हवा, त्याच्या तोंडाला जाळी आणि उतार घराच्या उलट दिशेला. काठ एका पातळीत आहे का, हेही गवंड्याच्या डोळ्यावर सोडू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून चारी कोपरे स्वतः तपासा.

बाकीच्या चुका थोडक्यात. आंब्या-फणसाखाली तळं नको, वर्षभर पानंच काढत बसाल. फुटभर खोली मे महिन्यात उकळते, दोन-अडीच फूट घ्या. पण लहान मुलं असतील तर पाण्याच्या वर मजबूत लोखंडी जाळी बसवल्याशिवाय पाणी भरू नका. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवल्याशिवाय माशांना दाखवू नका. फुकट मिळते म्हणून जलपर्णी आणू नका. डासांसाठी गप्पी मासे आरोग्य केंद्रात विचारा, पण वाढले म्हणून वहाळात सोडू नका.

आणि बेडूक बाहेरून आणायची हौस नको. पहिल्या पावसात ते आपले आपण येतात. रात्रभर ओरडतात, सकाळी शेजारी कुंपणाशी येऊन उभा राहतो. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.