भाट्ये ते मारुती मंदिर: सायकलने कामावर जायचं असेल तर

एका मे महिन्यातल्या शनिवारी रत्नागिरीत, भाट्याच्या पुलावर मी गाडीत अडकले होते. पुढे पुण्या-कोल्हापूरच्या पर्यटकांची रांग, मागे डंपर. खाली खाडीत एक होडी मुखातून आत आली, राजिवड्याला लागली, जाळी उतरवून झाली, तरी मी पुलावरच. ऑफिसात लेट मार्क लागला. सोमवारी मुलाची पडून असलेली गिअरची सायकल पुसून बाहेर काढली.

आधी दोन आठवडे वेळ लिहून ठेवा. मी कॅलेंडरवरच लिहायचे, दुधाच्या हिशेबाशेजारी. भाट्ये ते मारुती मंदिर हे साडेपाच-सहा किलोमीटर गाडीने चांगल्या दिवशी १५ मिनिटांत व्हायचं, वाईट दिवशी ४०, वर पार्किंग शोधायला फेऱ्या. सायकलने २६ ते ३० मिनिटं, रोज. मोकळ्या रस्त्यावर सायकल हरते, पण मस्टरवर सही करणाऱ्या माणसाला उद्या किती वाजता निघायचं हे कळलं की पुरतं. गाडी गर्दीत लिटरला अकरा-बारा देते, म्हणजे माझं रोज एक लिटर जायचं. पुढचा हिशेब तुम्हाला येतोच.

रत्नागिरी दोन मजली गाव आहे. बंदर, बाजार, एसटी स्टँड खालच्या मजल्यावर, मारुती मंदिर वर सड्यावर, म्हणजे पठारावर. जयस्तंभावरून मालनाक्याकडे निघालात की चढ लागतोच, तेव्हा बिनगिअरची सायकल घेऊन हौस करू नका. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी उतरवायचा, पायडल हलकं फिरत असताना. पायाखाली जोर असताना बदललात तर चेन खडखडते नि कधी कधी उतरते. माझी उतरली ती नेमकी रिक्षा स्टँडसमोर. एक रिक्षावाले काका उठून आले, काडीने चेन चढवून दिली आणि म्हणाले, "वैनी, गिअर आधी टाकायचा, मग चढ." एवढंच शिक्षण मला पुरलं. दम लागला तर उतरून ढकला. पहिला महिना मी रोज दीडशे पावलं ढकलत होते, कोणी काही म्हटलं नाही.

सीट मात्र निघायच्या आधीच नीट करा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली की खालचा पाय सरळ व्हायला हवा. बहुतेक लोक सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकलला शिव्या देतात.

घाम येणार. आपल्याकडची हवाच तशी. पाठीवर सॅक घेऊ नका, कॅरिअरला बांधा, निम्मी पाठ कोरडी राहते. मी जुना कुर्ता घालून जाते, ऑफिसात ओल्या पंचाने अंग पुसते, दहा मिनिटं पंख्याखाली बसते आणि मग कपडे बदलते. ओढणी घरून निघतानाच पिशवीत. चेनमध्ये एकदा गेली की ओढणीही जाते नि आपणही.

गर्दीत तीन गोष्टी सांभाळा. उभ्या गाड्यांपासून एक दार उघडेल इतकं अंतर ठेवा, कारण आतला माणूस आरशात बघत नाही. थांबलेल्या एसटीच्या डावीकडून घुसू नका, दार त्याच बाजूला असतं आणि माणसं पिशव्यांसकट उतरतात. आणि रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवू नका. गटाराच्या जाळ्या तिथेच असतात, आणि कडेला गेलात की मागचा तेवढ्याशा फटीतून गाडी घालायला बघतो. वळताना हात दाखवा, चांगला लांब करून.

पुलावरचा वारा हा वेगळाच विषय. सकाळी शहराकडे जाताना समुद्र डावीकडे असतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा तिकडून बसतो आणि सायकल उजवीकडे, म्हणजे गाड्यांच्या अंगावर ढकलतो. डंपर बाजूने गेला की क्षणभर वारा अडतो, आणि तो पुढे गेला की एकदम पुन्हा आदळतो. त्या क्षणी हँडल घट्ट आवळू नका. कोपर सैल ठेवा, वेग कमी करा. वादळी दिवशी मी पूल चालतच ओलांडते.

आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे मडगार्ड नसलेली सायकल म्हणजे पाठीवर जांभ्याची लाल नक्षी. पायघोळ पोंचो वाऱ्यात शीड होतं. जाकीट आणि पँट असा रेनसूट घ्या. ब्रेक ओले असताना उशिरा लागतात, म्हणून आधीपासून हलके दाबत या. जांभ्याची कच ब्रेकच्या रबरात रुतून बसते आणि रिम खरवडते. खर्र असा आवाज आला की त्याच दिवशी सुईने काढा. जुलैत झाडाखालच्या रस्त्याला शेवाळ धरतं, तिथे वळताना ब्रेक मारायचा नाही. मागचा लाल दिवा दिवसासुद्धा लावा. पुढचा दिवा संध्याकाळी गुरांसाठी हवा, पावसात ती डांबरावर येऊन बसतात.

खारं वारं सायकल खातं. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, पुसा, चेन कोरडी झाल्यावरच तेल घाला, आणि वरचं तेल फडक्याने टिपून घ्या. नाहीतर वाळू त्यालाच चिकटते. मी पहिल्या वर्षी खोबरेल घातलं होतं. सासूबाई अजून हसतात. मिरगाच्या आधी एकदा दुकानात नेऊन बेअरिंगमध्ये ग्रीस भरून घेतलं की दिवाळीपर्यंत बघावं लागत नाही.

गाडी विकलेली नाही. सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायला, सिलेंडर आणायला ती लागतेच, आणि आठवड्यातून एकदा चालवली नाही तर बॅटरी उतरते. श्रावणात उतरली होती. मेकॅनिकला बोलवायला मी सायकलनेच गेले.