होला कोटात किती वेळ?

जादूच्या प्रयोगांत पत्ते, नाणी, रुमाल यांवर हात बसला की पुढची हाव सुटते ती जिवंत प्राण्याची. मलाही सुटली होती, त्यामुळे तुम्हाला "नकोच" म्हणण्याचा अधिकार मला नाही. हातचलाखी तुम्हाला येत असेल असं धरून चालते. मी जिथे तोंडावर आपटले, तेवढंच सांगते.

रुमालातून निघणाऱ्या पांढऱ्या पक्ष्याला लोक कबुतर म्हणतात, पण बहुतेक जादूगारांकडे असतो तो पांढरा पाळीव होला. वजन साधारण 150 ग्रॅम, स्वभाव शांत. कबुतर त्याच्या दुपटीहून जड आणि धसमुसळं, ते कोटात मावत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं. मला ठाऊक नव्हतं ते पक्षी श्वास कसा घेतो ते.

एका कार्यक्रमात माझा प्रयोग पहिला होता. विंगेत होला कोटात लपवायच्या झोळीत घातला, कोट चढवला, बटणं लावली, आणि निवेदकाने आणखी दोन पाहुण्यांना बोलायला बोलावलं. पाच मिनिटं गेली, मग दहा. काढावा का? पण परत भरायचा तर कोट उतरवावा लागणार, आणि तेवढ्यात नाव पुकारलं तर? मी तशीच उभी राहिले. पंचवीस मिनिटांनी नाव आलं.

रुमालातून होला काढला. एरवी तो बाहेर येताच पंख फडफडवायचा आणि त्यावरच टाळ्या पडायच्या. त्या दिवशी तळहातावर नुसता बसून राहिला. चोच उघडी, आणि प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली. लोकांना वाटलं, काय माणसाळलेला पक्षी आहे! टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या. त्या टाळ्या अजून कानात आहेत.

आता पुढचं नीट वाचा, हवं तर दोनदा. पक्ष्याला आपल्यासारखा डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोट यांमधला श्वासाचा पडदा, नसतो. आपली छाती आवळली तरी पोटाच्या जोरावर थोडाफार श्वास घेता येतो, पक्ष्याला ती सोय नाही. त्याची फुप्फुसं जवळजवळ फुगतच नाहीत. हवा आत-बाहेर होते ती हवापिशव्यांमुळे, आणि त्या भात्यासारख्या चालतात छातीचं हाड पुढे-मागे हलल्यावर. हाड हललं नाही की भाता बंद. चोच मोकळी असली, नाकपुड्या मोकळ्या असल्या, तरी पक्षी गुदमरतो. मी झोळीला चोचीसाठी ऐसपैस भोक ठेवलं होतं आणि त्याच भोकाच्या भरवशावर निर्धास्त होते. छातीवरचं इलॅस्टिक मात्र मीच आवळलं होतं, का, तर नव्या कोटात फुगवटा दिसत होता.

त्यात गरमी. होल्याचं अंग मुळातच 40 अंशांच्या वर असतं आणि त्याला घाम येत नाही. उष्णता घालवायला तो धापा टाकतो, आणि धाप टाकायला पुन्हा छातीच हलायला हवी. वर माझ्या अंगाची ऊब, जाड कोट, स्टेजचे दिवे. चहूबाजूंनी कोंडी.

तेव्हा झोळीत भरल्यावर छातीच्या बाजूने बोट सहज आत गेलं पाहिजे आणि त्या बोटाला छातीची हालचाल जाणवली पाहिजे. माझी मर्यादा पाच मिनिटं. आधीच्या कलाकाराचा शेवटचा प्रयोग सुरू झाल्याशिवाय मी भरत नाही. पाच मिनिटांत नाव आलं नाही तर होला बाहेर, मग कोट उतरवावा लागो की आणखी काही. आणि त्याच रुमालाचा पक्ष्याविना शेवट तयार ठेवते. हा दुसरा शेवट आधी बसवा, पक्षी नंतर आणा. असा शेवट नसेल तर वेळ आल्यावर तुम्हीही माझ्यासारख्याच उभ्या राहाल, उभे राहाल.

माझे सर म्हणायचे, "पक्ष्याला सवय होते गं." सरांच्या बोटांना तोड नाही, रुमालाचं सगळं मी त्यांच्याकडेच शिकले. पण श्वास कोंडण्याची सवय कुणाला होते? हात गुरूकडून शिकावा आणि पक्षी पक्ष्यांच्या डॉक्टरकडून, असं माझं ठाम मत झालंय. व्हिडिओंचं तर बोलूच नका, पक्षी आत किती वेळ होता ते त्यात कधी दिसतं? पंखांची पिसं कापणं हाही मला आळशीपणाच वाटतो. थोड्या अंतरावरून हातावर उडत यायला शिकवा. वेळ लागतो, पण होला शिकतो, एवढं घाबरू नका.

सशाबद्दल थोडक्यात. चित्रात दाखवतात तसा कान धरून उचलू नका, एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली हवाच. अधांतरी लटकलेल्या सशाने मागचे पाय जोरात झाडले तर त्याचाच मणका मोडू शकतो. उताणा केल्यावर तो गप्प पडतो, त्याला काही जण संमोहन म्हणून खपवतात. ती भीती असते. आणि स्टेजवर घाण करेल म्हणून उपाशी ठेवू नका, सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं.

वाघ-सिंहांची स्वप्नं असतील तर सोडा. लास व्हेगासमध्ये एकाच रंगमंचावर 13 वर्षं काढलेल्या जादूगार रॉय हॉर्नला 3 ऑक्टोबर 2003 रोजी भर प्रयोगात त्याच्याच वाघाने मानेला धरलं. तो वाचला, पण पूर्वीसारखा झाला नाही.

पक्षी गायब केलात तर तो परत दाखवाच. "मेला का हो?" हा संशय जुना आहे. 1921 साली जादूगार कार्ल हर्ट्झला ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे पिंजरा गायब करून दाखवावा लागला, आतला पक्षी मरत नाही हे पटवण्यासाठी. 1925 मध्ये तिथे प्राण्यांच्या खेळांसाठी नोंदणीचा कायदाही आला. तुम्ही जिथे प्रयोग करणार तिथला कायदा आधी पाहा, परवानगी मिळाल्यावरच पक्षी घरी आणा.

माझा होला त्या दिवशी तासाभरात सावरला. पण कोट दिसला की पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात जायचा. मी कोट पिंजऱ्याशेजारी खुर्चीवर टाकून ठेवला, खिशात दाणे टाकले आणि दार उघडं सोडलं. तीन आठवडे काही नाही. मग एका सकाळी पाहिलं तर त्याचं डोकं खिशात होतं आणि शेपूट बाहेर. जुनी झोळी मी तोवर उसवून टाकली होती. नवी शिवायला घेतली ती आणखी दोन महिन्यांनी.