चिपची बातमी आली की आधी काय बघायचं

सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्या खारघरच्या सोसायटी ग्रुपवर बातमी फिरली, पनवेलजवळ तळोज्याला अदानी आणि इस्रायलची टॉवर ही चिप कंपनी मिळून ८३,९४७ कोटींचा चिपचा कारखाना टाकणार, मंत्रिमंडळाची मंजुरी झाली, लगेच एक काका फ्लॅटचे नवे भाव काढायला बसले. २०२५ मध्ये बोलणी थांबल्याची बातमी आली, ती मात्र कोणी फॉरवर्ड केली नाही.

तर पहिलं हेच बघायचं, नुसती मंजुरी आहे की माल बाहेर पडतोय.

मग बघा नक्की बनणार काय. वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, सर्किट उमटवतात तो फॅब. तयार वेफर कापून, पॅक करून टेस्ट करतात ते पॅकेजिंग. गुजरातेत साणंदला अमेरिकेच्या मायक्रॉनचं पॅकेजिंग आहे, धोलेऱ्याला टाटांचा फॅब होतोय आणि त्याची टेक्नॉलॉजी तैवानच्या पीएसएमसी कंपनीची. बातमीत दोन्ही 'देशी चिप'.

नॅनोमीटरवरून नाक मुरडू नका. हा आकडा सर्किटच्या बारीकपणाचा, जितका लहान तितकी चिप बारीक. धोलेऱ्याचं सगळं २८ आणि त्याच्या वरचं, लोक म्हणतात फोनमध्ये ३ आलं की राव, पण महापेला माझा एक मित्र इन्व्हर्टरचे बोर्ड रिपेअर करतो, त्याच्या टेबलावर भिंग घेऊन बसलो तर एकजात सगळ्या जुन्या जाड्या चिपा, आणि २०२१ मध्ये गाड्यांचं वेटिंग वाढलं तेही बरंचसं असल्याच चिपांपायी.

आता खरी गंमत, कोणाची शेंडी कोणाच्या हातात ते शोधा. सगळ्यात बारीक चिपांना लागणारं ईयूव्ही मशीन (अतिनील प्रकाशाने सर्किट उमटवणारं) जगात एकटी डच एएसएमएल बनवते, पण त्याचे आरसे जर्मनीच्या झाइसचे आणि लाइट सोर्सचं तंत्र सॅन दिएगोचं, म्हणून अमेरिका डोळे वटारते आणि ते मशीन चीनला जात नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने ॲडव्हान्स चिपा आणि त्या बनवायच्या सामानावर निर्बंध आणले. चीनने ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम, जर्मेनियम या चिपांना लागणाऱ्या मालाच्या निर्यातीला लायसन्स लावलं, डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला देणंच बंद केलं, नोव्हेंबर २०२५ मध्ये ती बंदी वर्षभरासाठी बाजूला ठेवली. बाजूला ठेवली, काढली नाही हां.

शेवटी गिऱ्हाईक बघा. बारीक चिपांची वाट अडल्यावर चीनने जुन्या साइजमध्ये मुबलक पैसा ओतला, अमेरिकेने जानेवारी २०२५ पासून चिनी चिपांवरची ड्युटी २५ वरून ५० टक्के केली, म्हणजे आपल्या २८ नॅनोमीटरला रेटची मारामारी याच चिनी चिपांशी करायचीय. महापेवाल्या मित्राला विचारलं, देशी चिप घेशील का? मान वर न करता म्हणाला, रेट सांग आणि डेटाशीट पाठव.