राउटरला पंखा कसा बसवावा: टिनाच्या घरातल्या मे महिन्यासाठी

दुपारचे दोन वाजले की आमच्या गल्लीत एकच ओरड: नेट गेलं. राउटरचे दिवे चालू, मोबाइलवर वायफायची खूणही दिसते, पण काही उघडत नाही. बंद करून चालू केला की दहा मिनिटं चालतो, मग पुन्हा ढिम्म. रात्री मात्र सगळं सुरळीत. "राउटरले ऊन लागलं," असं मी म्हणालो, तर शेजारच्या आजी म्हणाल्या, "मंग कांदा ठेव ना बाप्पा त्याच्यावर!" निदान बरोबर होतं, फक्त औषध चुकलं.

घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा ० ते ४० अंश सेल्सिअस अशी मर्यादा दिलेली असते. म्हणजे भोवतालच्या हवेची. आपल्याकडे चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या भागांत मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ च्या आसपास असतो, आणि टिनाखालच्या खोलीत नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, काय होतं ते वेगळं सांगायला नको. त्यात राउटरच्या पोटातल्या चिपा स्वतःही तापतात. ती उष्णता डब्याच्या भोकांतून आपोआप वर निघून जावी, अशी त्याची रचना असते. पण बाहेरची हवाच गरम आणि थांबलेली असेल तर उष्णता जाणार कुठे? मग चिप स्वतःला मंद करते, नाहीतर अडकते.

पैसे खर्च करण्याआधी दोन दिवस एक परीक्षा करा. दुपारी बारापासून पाचपर्यंत साधा टेबल फॅन राउटरकडे तोंड करून ठेवा. नेट टिकलं तर दुखणं उष्णतेचंच आहे. नाही टिकलं तर पंखा घेऊन उपयोग नाही. फायबरचं कनेक्शन असेल आणि 'लॉस' (LOS) लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर केबलचीच तक्रार करा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं कुठंतरी वायर ओढून नेली असेल.

आता खरी गोष्ट. पंखा हवा थंड करत नाही. मे महिन्यात सीलिंग फॅन पाचवर ठेवला तर तो झळाच मारतो, हे आपण जन्मापासून पाहतोय. राउटरचा पंखाही खोलीपेक्षा एक अंशानंही थंडावा देणार नाही. तो आतली उष्णता झपाट्यानं बाहेर काढतो, एवढंच. चिप खोलीपेक्षा बरीच जास्त तापलेली असते, म्हणून ४३ अंशांची हवासुद्धा तिला गारच. पण त्यातून निघतं असं, की आधी जागा बदला, मग पंख्याचं बघा. टिनापासून खाली, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, शक्य असेल तर मातीच्या भिंतीच्या खोलीत, कमरेएवढ्या उंचीवर. देवळीत कोंबला असेल तर बाहेर काढा. त्याच्यावर विणलेला रुमाल घातला असेल तर तोही काढा. टीव्हीवर घालायचो त्याच मायेनं घालतो आपण, पण राउटरचा श्वास कोंडतो.

आणि कूलरपुढे ठेवू नका. हे मी करून बसलोय. कूलरच्या हवेसोबत बारीक थेंब येतात, आमच्या बोअरचं पाणी खारं, आणि पंधरा दिवसांत राउटरच्या भोकांवर पांढरे क्षार जमले. पावसाळा लागायच्या आत तो राउटर गेला. कूलर असलेल्या खोलीत ठेवा, खोली थंड झाली की राउटरला फायदाच आहे, फक्त थेट झोतात नको.

जागा बदलूनही भागत नसेल तर पंखा घ्या. तालुक्याच्या कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात 'कॅबिनेट फॅन' मागा, ८० किंवा १२० मिलिमीटरचा. दोन्ही मिळत असतील तर १२० चा घ्या, तो हळू फिरूनही तेवढीच हवा देतो आणि रात्री भुणभुणत नाही. स्टिकर नीट वाचून घ्या. त्यावर १२ व्होल्ट डीसी किंवा ५ व्होल्ट डीसी लिहिलेलं हवं. हुबेहूब तसेच दिसणारे २३० व्होल्टचे पंखेही असतात, ते या कामात अजिबात नकोत.

माझ्या मते सगळ्यात बिनधोक म्हणजे यूएसबी पिन लावलेला ५ व्होल्टचा पंखा आणि घरात पडलेला मोबाइलचा जुना चार्जर. वायर कापायची नाही, टेप लावायचा नाही. राउटरला मागे यूएसबी पोर्ट असेल तर तिथेही लावता येतो, पण आधी पंख्याचा करंट बघा: साधा यूएसबी २ चा पोर्ट अर्धा अँपिअर देतो, पंखा त्याच्या बऱ्याच खाली हवा. १२ व्होल्टचा पंखा ५ व्होल्टवर लावून बघायचा मोह होतो. काही फिरतात, रखडत. काही सुरूच होत नाहीत.

१२ व्होल्टचाच मिळाला तर त्याला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर द्या. राउटरच्याच अडॅप्टरवरून फाटा काढायचा असेल, तर अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर बघा. १ अँपिअरचा असेल तर सोडून द्या, तो आधीच उन्हाळ्यात हात लावू देत नाही. २ अँपिअरचा असेल आणि राउटरच्या मागे त्याहून बराच कमी आकडा असेल तर चालतं. लाल वायर प्लस, काळी मायनस. पिवळी किंवा निळी वायर असेल तर ती तशीच मोकळी ठेवून टोकाला टेप गुंडाळा. वीजबिलाची काळजी करू नका: १२ व्होल्ट, ०.१५ अँपिअर म्हणजे २ वॉटसुद्धा नाही. महिनाभर रात्रंदिवस फिरला तरी दीड युनिटच्या आत.

बसवताना राउटर उघडू नका. कंपनीनं दिलेला असेल तर तो तुमचा नसतोच, आणि स्वतःचा असला तरी वॉरंटी जाते. पंखा बाहेरूनच लागतो. राउटर उलटा करून बघा, खालच्या अंगाला जाळीची भोकं असतात. हवा खालून आत आणि वरून बाहेर जायला हवी, कारण गरम हवा तशीही वरच जाते. पंख्याच्या चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण असतो. तो नसेल तर लक्षात ठेवा: ज्या बाजूला स्टिकर आणि त्याला धरणाऱ्या काड्या, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. ती बाजू वर, राउटरकडे. चालू करून वर कागदाचा कपटा धरा, तो उडायला हवा.

जुन्या स्लिपरचे चार जाड तुकडे कापून पंख्याच्या कोपऱ्यांखाली चिकटवा. टेबलापासून दोन-तीन सेंटिमीटर जागा सुटली पाहिजे, नाहीतर पंखा ओढणार काय? रबरामुळे थरथरही टेबलात उतरत नाही. वरच्या कोपऱ्यांवर तसेच पातळ तुकडे, त्यावर राउटर. अँटेना आणि वायरी पात्यांपासून दूर बांधून घ्या.

धूळ हा आपला दुसरा शत्रू. घरात कापूस भरलेला असेल, बाजूला तुरीचं किंवा सोयाबीनचं थ्रेशर लागलं असेल, तर पंखा ते सगळं राउटरच्या पोटात ढकलतो. फाटक्या मच्छरदाणीचा तुकडा पंख्याच्या खालच्या बाजूला ताणून बांधा. पालीही अडतात त्यानं. आठवड्यातून एकदा पंखा बंद करून जाळी झटका. महिन्यातून एकदा पाती बोटानं धरून रंगाच्या कोरड्या ब्रशनं साफ करा.

तापमान मोजायची हौस असेल तर घरातला तापाचा थर्मामीटर लावू नका, पाऱ्याचा तर ४२ लाच संपतो. हाताचा तळवा तीन सेकंद राउटरवर टिकला, तर पंखा काम करतोय.

लोडशेडिंगचं एक राहिलं. राउटर मिनी यूपीएसवर (लाइट गेल्यावर राउटर चालवणाऱ्या छोट्या बॅटरीच्या डब्यावर) आणि पंखा भिंतीच्या चार्जरवर असेल, तर लाइट गेल्यावर राउटर चालू राहतो आणि पंखा थांबतो, तेही भर दुपारी. पंख्याचा चार्जर इन्व्हर्टरच्या बोर्डावर टाका, किंवा राउटरच्या यूएसबीवरून चालवा. मिनी यूपीएसमध्ये लिथियमचे सेल असतात. त्याला पंख्याच्या वर, राउटरच्या गरम हवेत ठेवू नका; खाली, बाजूला, सावलीत.

मी तो पंखा मार्चमध्ये लावतो. पहिला चांगला पाऊस पडला की काढून, जाळी धुऊन, कूलरच्या ताट्यांसोबत माळ्यावर टाकतो.