मानसशास्त्रात बी.ए. करताय? आखणीतल्या या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की सांगली काय, सातारा काय, मानसशास्त्राबद्दल पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "विषय सोपा आहे ना?" मुलांचा त्याच्या पाठोपाठ येतो: "गणित नाही ना?" पहिल्याचं उत्तर मी लगेच हो म्हणून देतो, दुसऱ्याचं जरा थांबून. फ्रॉइड कळला नाही म्हणून या विषयात कुणी अडकल्याचं फारसं दिसत नाही. मुलं अडकतात पाचव्या-सहाव्या सत्रात. प्रकल्प, प्रात्यक्षिक परीक्षा, ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण) आणि एम.ए.च्या प्रवेशाचे फॉर्म असं सगळं एकदम अंगावर येतं आणि त्याची तयारी दुसऱ्या वर्षीच व्हायला हवी होती हे तेव्हा कळतं. म्हणून आखणी करताना शेवटच्या सत्रापासून मागे या. तिथे काय काय लागणार ते आधी लिहा आणि मग ते कोणत्या सत्रात शिकायचं ते ठरवा.

विषय आहे, पण मेजर आहे का?

शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे येतात आणि कॉलेजं तालुक्यातालुक्यात आहेत. मात्र कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात म्हणजे त्यात मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, मिळतोच असं नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी दोन-तीन विषय बरोबरीने चालतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर होतो, एक मायनर (दुय्यम विषय). जतची किंवा पाटणची एखादी मुलगी घराजवळ प्रवेश घेते, वर्षभर मन लावून शिकते आणि जूनमध्ये तिला समजतं की इथे मानसशास्त्र फक्त मायनर म्हणून आहे. मग कॉलेज बदलायचं, टीसी काढायचा, एसटीचा पास नव्याने काढायचा, होस्टेल शोधायचं.

प्रवेशाआधी थेट विभागात जा. तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर आहे का, प्रयोगशाळा आहे का आणि चौथं वर्ष चालवतात का, एवढं विचारा. ऑफिसच्या खिडकीवर विचारलंत तर "आहे की" एवढंच उत्तर मिळेल आणि ते खोटंही नसेल.

ओळखीच्या ताईच्या नोट्सवर विसंबून आखणी करणं ही याचीच धाकटी बहीण. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ वेगळं आहे, सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत स्वायत्त कॉलेजंही आहेत. प्रत्येकाचा अभ्यासक्रम आणि परीक्षेच्या तारखा आपापल्या. तुमच्या बॅचला लागू असलेला अभ्यासक्रम उतरवून घ्या, त्यावर कोणत्या वर्षापासून लागू ते छापलेलं असतं, ते आधी बघा.

"संख्याशास्त्र तिसऱ्या वर्षी बघू की"

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

मध्यमान (सरासरी), प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत), सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात), प्रसामान्य वक्र (घंटेच्या आकाराचा आलेख) एवढं आलं तरी बी.ए.चं बरंचसं काम भागतं. पण ते यायला लागतं दुसऱ्या वर्षी, कारण प्रयोगांचे निष्कर्ष त्यावर उभे असतात, मानसशास्त्रीय चाचण्यांची विश्वसनीयता त्यावर मोजतात आणि सहाव्या सत्रातल्या प्रकल्पात प्रश्नावली भरून आणल्यावर पुढे काय करायचं ते त्यावरच ठरतं. हा पेपर काठावर सोडवून पुढे गेलेली मुलं प्रकल्पाच्या वेळी शंभर भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन येतात आणि विचारतात, "सर, आता याचं काय करायचं?" ते प्रश्नावली छापण्याआधी ठरायला हवं होतं. दोन गटांची तुलना करायची की दोन गोष्टींचा संबंध बघायचा, यावर प्रश्नावली कुणाकडून आणि किती जणांकडून भरून घ्यायची हे अवलंबून असतं.

बहुतेकांची भीती सूत्रांची असते. प्रत्यक्षात चुका होतात त्या फार साध्या. स्पिअरमनच्या क्रमांतर सहसंबंधाचं उदाहरण घ्या. दहा विद्यार्थ्यांची झोप आणि त्यांचे चाचणीतले गुण, दोन्हींना क्रम दिले, क्रमांतल्या फरकांचे वर्ग काढले, बेरीज आली ४०. सूत्राप्रमाणे ६ गुणिले ४० म्हणजे २४०, खाली १० गुणिले ९९ म्हणजे ९९०. भागाकार ०.२४. इथे निम्मा वर्ग पेन खाली ठेवतो आणि लिहितो: सहसंबंध कमी आहे. एकातून वजा करायचं राहिलं. खरं उत्तर ०.७६, म्हणजे चांगला ठळक धन सहसंबंध. गणित बरोबर, निष्कर्ष उलटा.

अशा वेळी कुठे चुकलं ते शोधायच्या दोन-तीन युक्त्या आहेत. क्रमांतले फरक चिन्हांसकट बेरीज करून बघा, शून्यच यायला हवी. नाही आली तर क्रम देतानाच गडबड झाली आहे. बहुधा दोघांना सारखे गुण होते आणि त्यांना सरासरी क्रम द्यायचं विसरलं गेलं. प्रमाण विचलन काढताना मध्यमानापासूनचे फरकही असेच शून्यावर येतात. मध्यमान पूर्णांकात बसवलं असेल तर थोडं इकडेतिकडे होईल, पण बेरीज १२-१५ वर गेली तर पुढे जाऊ नका. आणि सहसंबंध एकाच्या वर किंवा उणे एकाच्या खाली गेला तर बाईंना दाखवायला सुद्धा जाऊ नका, पुन्हा करा.

मोबाईलवर एक्सेलमध्ये उत्तर झटकन मिळतं, ते पडताळ्याला वापरा. दहा-बारा उदाहरणं मात्र हाताने सोडवाच. परीक्षेच्या हॉलमध्ये एक्सेल नसतं.

जर्नल एका रात्रीत

प्रात्यक्षिक म्हणजे आठवड्यातली एक दुपार, असं वेळापत्रकात दिसतं आणि तिथेच हिशेब चुकतो. क्रेडिटच्या, म्हणजे अभ्यासाचं वजन मोजायच्या एककाच्या, भाषेत तासिकेचं एक क्रेडिट १५ तासांचं असतं, प्रात्यक्षिकाचं ३० तासांचं. म्हणजे कागदावर सारखं दिसणारं क्रेडिट वेळ दुप्पट खातं. त्यात प्रयोज्य (ज्याच्यावर प्रयोग करायचा ती व्यक्ती) शोधणं, त्याची वेळ जुळवणं, निष्कर्ष लिहिणं हे धरलेलंच नाही. विटा, तासगाव, कोरेगावहून येणाऱ्यांनी शेवटच्या एसटीची वेळ बघून प्रात्यक्षिकाची बॅच मागून घ्यावी. विभागात लवकर सांगितलं तर बहुतेकदा बदलून मिळते, उशिरा सांगितलं तर नाही.

वेळ काढला नाही की जर्नल परीक्षेच्या आदल्या रात्री, मैत्रिणीच्या वहीवरून. हे लपत नाही, हे मी मुलांना दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी कुणी ना कुणी करून बघतंच. म्युलर-लायर भ्रमाचा प्रयोग घ्या. दोन रेषा, एकीच्या टोकांचे बाण आत वळलेले, दुसरीचे बाहेर, आणि दुसरी, सरकती रेषा पहिलीएवढी करायची. खऱ्या प्रयोगात मिलिमीटरमधले आकडे वेडेवाकडे येतात. रेषा मोठी करत आणली तर एक मोजमाप येतं, लहान करत आणली तर दुसरं. बनवलेल्या जर्नलमध्ये मात्र सगळे आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपतात, दोन्ही दिशांचे आकडे जुळ्यासारखे असतात आणि अंतर्निरीक्षण अहवालात (प्रयोज्याने स्वतःच्या अनुभवाबद्दल लिहायच्या भागात) एकच वाक्य: "प्रयोग करताना मला खूप मजा आली." बाहेरच्या परीक्षकाला एवढं पुरतं. तो पुढचा प्रश्न विचारतो, "दोन्ही बाजूंनी प्रयास का घेतले?" तिथे तोंडी परीक्षा संपते.

आणखी एक सवय म्हणजे "तू माझी प्रयोज्य, मी तुझी". काही प्रयोगांना चालतं, आरशातल्या आकृतिरेखनाला अजिबात चालत नाही. आरशात बघून तारा गिरवायचं कौशल्य दोन-चार प्रयासांत सुधारतं, तेच तर मोजायचं असतं. जिने कालच स्वतःचा प्रयोग करून बघितला, ती आज तुमच्यासमोर बसली तर वेळही कमी येणार, चुकाही कमी. मग वक्र सपाट आला म्हणून रडायचं. शेजारच्या काकू, धाकटा भाऊ, होस्टेलवरची कॉमर्सची मुलगी, असा प्रयोज्य शोधा ज्याला प्रयोग कशाचा आहे ते माहीत नाही.

मायनर मित्रांबरोबर निवडणं

मायनर म्हणून काय घ्यावं यावर मी हट्ट करणार नाही. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, अर्थशास्त्र, कशाचाही उपयोग होतो. एवढंच बघा की ते तुमच्या पुढच्या वाटेला लागतं का. मनुष्यबळ विभागात जायचं असेल तर कॉमर्सकडचा एखादा विषय मुक्त निवडीत घ्या, शाळेत काम करायचं असेल तर शिक्षणशास्त्र. बसच्या वेळा जुळतात म्हणून निवडलेला विषय तीन वर्षं ओढावा लागतो.

क्षेत्रकार्य पावसाळ्यात टाकणं

ओजेटी ४ क्रेडिटचं असेल तर ३०च्या हिशेबाने १२० तास होतात. रोज दोन तास धरले तरी ६० दिवस. "दिवाळीच्या सुट्टीत उरकतो" म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करावा.

आपल्याकडे पाणी हाही वेळापत्रकाचा भाग आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. नदीकाठच्या गावांत सर्वेक्षण करायचं असेल तर ते जुलै-ऑगस्टमध्ये ठेवू नका, त्या दिवसांत लोक प्रश्नावली भरायच्या मनःस्थितीत नसतात आणि रस्तेही बंद होतात. गणपती गेल्यावर जा. ऊसतोड कामगारांच्या मुलांवर काम करायचं असेल तर उलट, गाळप हंगाम सुरू झाल्याशिवाय ती माणसं इथे भेटणारच नाहीत आणि हंगाम संपला की गेली. विषय निवडताना ती माणसं कोणत्या महिन्यात कुठे असतात ते आधी बघा.

शाळेत प्रश्नावली भरून घ्यायची तर मुख्याध्यापकांचं पत्र आणि पालकांची संमती लागते, त्यात तीन आठवडे सहज जातात. नेटवरून कुणाचीही चाचणी उतरवून वापरू नका. चाचण्यांना स्वामित्वहक्क असतो आणि परदेशी प्रमाणकांवर (तिथल्या लोकांच्या गुणांवरून ठरवलेल्या पट्टीवर) साताऱ्यातल्या नववीच्या मुलाला "अतिचिंताग्रस्त" ठरवणं हे त्या मुलावर अन्याय करणारं आहे. प्रकल्पाचा विषयही आवाक्यातला ठेवा. "सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम" हा प्रकल्पाचा विषय नाही, तो वक्तृत्वस्पर्धेचा आहे. "रात्री अकरानंतर मोबाईल वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या होस्टेलवरच्या मुलींच्या झोपेची तुलना" हा होतो.

बी.ए. झालं की पाटी लावू

घरच्यांना हे लवकर सांगून टाका: नुसत्या बी.ए.वर कुणी मानसोपचार करत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला १९९२च्या कायद्याखालच्या आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते. मानसोपचारतज्ज्ञ व्हायचं असेल तर वाट एमबीबीएसवरून जाते, ती वेगळीच. शाळा, समुपदेशन, संशोधन, मनुष्यबळ, बहुतेक ठिकाणी एम.ए. लागतंच.

"नाही जमलं तर एम.ए. घरबसल्या करू" हा पर्याय आखणीतून काढून टाका. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. लग्न, नोकरी, शेती सांभाळून बाहेरून करायचं ठरवलेल्या कितीतरी जणींचं गणित यामुळे बदललं आहे, आणि माझ्या मते त्यांच्यासाठी हे फार कठीण झालं आहे. निदान आता पहिल्या वर्षाला असणाऱ्यांनी नियमित एम.ए. धरूनच खर्चाचा आणि राहण्याचा विचार करावा.

चौथ्या वर्षाचंही इथेच येतं. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली तर पुढचं एम.ए. एका वर्षात होऊ शकतं. त्यातलं संशोधनासहित ऑनर्स हवं असेल तर यूजीसीच्या चौकटीप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. पहिल्या सहा म्हणजे पहिलंसुद्धा. "पहिलं सत्र कॉलेज बघण्यात गेलं" हे वाक्य तिथे ऐकून घेत नाहीत.

एटीकेटी (मागच्या सत्रातला नापास पेपर) राहिली असेल तर ती पुढच्या संधीलाच सोडवा, विशेषतः संख्याशास्त्राची. एबीसी आयडी, म्हणजे तुमची क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा क्रमांक, पहिल्या महिन्यात काढा. आधारवर नाव आधी आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, किंवा वडिलांच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे, यामुळे क्रेडिट जमा व्हायला अडचण येते. दुरुस्तीला वेळ लागतो, तो पहिल्या वर्षी असतो.

केंद्रीय विद्यापीठांत एम.ए.साठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यायची असेल तर तिचे फॉर्म साधारण हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते. म्हणजे सहावं सत्र निम्मंही झालेलं नसतं. मानसशास्त्राचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. मराठी माध्यमातून शिकत असाल तर पहिल्या वर्षापासून प्रत्येक प्रकरणाच्या संज्ञा दोन रकान्यांत लिहीत चला, रोज पाच पुरेत. आणि घरच्यांना सांगून ठेवा की पाचव्या सत्राच्या दिवाळीत तुम्ही फराळाला फार हात लावणार नाही.