कोणता बँड ‘हॉल ऑफ फेम’च्या योग्यतेचा? वाद मुद्देसूद घालण्याची रीत

संगीतावर मनापासून प्रेम करणारी दोन माणसे एकत्र आली की रॉक संगीतातील कलाकारांचा सन्मान करणाऱ्या अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेत अमुक बँड अजून का नाही, हा विषय कधी ना कधी निघतोच, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात त्या चर्चेत दोघेही आपापल्या आवडीच्या गाण्यांची नावे मोठ्या आवाजात घेऊ लागलेले असतात. माझ्या मते अशा वादात शेवटपर्यंत टिकणारा पुरावा एकच आहे: त्या कलाकाराचे संगीत ऐकल्यावर इतर संगीतकारांच्या वाजवण्यात किंवा गाण्यात काय बदलले, आणि तो बदल समोरच्याला प्रत्यक्ष ऐकवता येतो का. पुढील सारी तयारी त्या पुराव्यापर्यंत पोहोचण्यासाठी आहे.

सर्वप्रथम संस्थेचे नियम नीट माहीत करून घ्यावेत, कारण निम्मे वाद नियम न वाचल्यामुळे होतात. ही संस्था १९८३ साली स्थापन झाली, १९८६ साली पहिल्या कलाकारांचा समावेश झाला आणि क्लीव्हलंड येथील संग्रहालय १९९५ साली उघडले. कलाकाराचे पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण प्रसिद्ध होऊन २५ वर्षे झाल्याशिवाय त्याचे नाव विचारात घेतले जात नाही. एक समिती दरवर्षी उमेदवारांची यादी ठरवते आणि त्यानंतर कलाकार, इतिहासकार व संगीत-उद्योगातील मंडळी अशा हजाराहून अधिक मतदारांकडे मतपत्रिका जातात. मात्र मतदानातून निवड होते ती ‘परफॉर्मर’ या विभागासाठी. पूर्वसूरींचा प्रभाव, वादनातील किंवा निर्मितीतील श्रेष्ठत्व आणि पडद्यामागील कार्य यांसाठी वेगळे सन्मान असून त्यांची निवड समिती करते. क्राफ्टवर्क हा बँड २०२१ साली प्रभावाच्या विभागातून आत आला आणि जूडस प्रीस्ट हा बँड २०२२ साली श्रेष्ठत्वाच्या विभागातून. म्हणून बोलायला सुरुवात करतानाच आपण कोणत्या दाराविषयी बोलत आहोत, हे दोघांनी ठरवून घ्यावे.

लोकप्रियतेचा मुद्दा लवकर निकालात काढावा. चाहत्यांचे मतदान २०१२ पासून घेतले जाते, परंतु त्याचा कौल हजारांहून अधिक मतपत्रिकांमध्ये एका मतपत्रिकेइतकाच धरला जातो. डेव्ह मॅथ्यूज बँड २०२० साली चाहत्यांच्या मतदानात पहिला आला, तरी त्या वर्षी त्याची निवड झाली नाही. तो बँड २०२४ साली आत गेला. विक्रीचे आकडे किती लोकांनी ऐकले एवढे सांगतात, आणि ते काही कमी महत्त्वाचे नाही. पण ऐकून कोणी काय केले, याचे उत्तर त्यांत मिळत नाही.

ते उत्तर शोधण्यात मात्र वेळ घालवावा. मला स्वतःला शीक या बँडबद्दल पूर्वी फारसा आदर नव्हता. नाचण्यापुरते संगीत, असा माझा समज होता. तो बदलला ‘गुड टाइम्स’ या १९७९ सालच्या गाण्यातील बेस गिटारकडे नीट कान दिल्यावर. बर्नार्ड एडवर्ड्‌स ठोक्यावर ठाम पाय रोवतात, क्षणभर जागा मोकळी सोडतात आणि मग हळूच पायऱ्या उतरल्यासारखे पुढच्या ठोक्याला येऊन मिळतात. त्याच वर्षी शुगरहिल गँगने ही चाल पायाला धरून ‘रॅपर्स डिलाइट’ केले आणि रॅप हा प्रकार प्रथमच एवढ्या मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचला; त्या गाण्याच्या श्रेयात पुढे एडवर्ड्‌स आणि शीकचे गिटारवादक नाइल रॉजर्स यांची नावे आली. एवढे असूनही शीकचे नाव अकरा वेळा उमेदवारांच्या यादीत येऊन मागे पडले. रॉजर्स यांना २०१७ साली श्रेष्ठत्वाचा सन्मान मिळाला. एडवर्ड्‌स १९९६ सालीच निवर्तले होते. शीकची बाजू मांडताना मी विशेषणे वापरत नाही. ही दोन गाणी लागोपाठ लावतो.

ब्लॅक सॅबाथ या बँडचे उदाहरणही असेच कानाने पटणारे आहे. गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तरुणपणी कारखान्यातील यंत्रात तुटली, आणि ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हातच जायबंदी झाला. त्यांनी प्लॅस्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, हलक्या तारा वापरल्या आणि १९७१ सालच्या अल्बममधील काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वरांनी खाली उतरवल्या; पुढे तो जड, खोल नाद हेवी मेटल या रॉकच्या प्रकाराची ओळख ठरला. १९७० सालच्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात षड्ज, वरचा षड्ज आणि तेथून उतरून तीव्र मध्यम, अशी तीन स्वरांची संथ चाल आहे, आणि त्या तीव्र मध्यमावर थांबल्यावर जी अस्वस्थता दाटते ती आपल्या कानांना समजावून सांगावी लागत नाही. २५ वर्षांची अट पुरी झाल्यानंतरही या बँडला २००६ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी त्यांचा गौरव करायला मेटॅलिकाचे सदस्य उभे राहिले होते, जे स्वतः २००९ साली आत आले.

‘हे मुळात रॉकच नाही’ हा आक्षेप रॅप, डिस्को किंवा कंट्री संगीताच्या बाबतीत हमखास येतो. त्याला उत्तर देण्यासाठी पहिल्या वर्षाची यादी पाहावी. १९८६ साली एल्व्हिस प्रेस्ली आणि चक बेरी यांच्याबरोबर रे चार्ल्स, सॅम कुक आणि जेम्स ब्राउन हेही होते, म्हणजे गॉस्पेल, सोल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या संगीतप्रकारांसाठी दार पहिल्या दिवसापासून उघडे होते. त्याच यादीची उणीवही मान्य करावी: त्या दहा नावांच्या यादीत एकही स्त्री नव्हती, आणि पहिली स्त्री म्हणून अरेथा फ्रँकलिन यांचा समावेश १९८७ साली झाला.

बँडच्या बाबतीत आणखी एक पेच असतो, तो म्हणजे नेमके कोणकोण. किस या बँडचा समावेश २०१४ साली झाला तेव्हा फक्त मूळचे चार सदस्य घेतले गेले, तर ग्रेटफुल डेडच्या बाबतीत १९९४ साली बारा जणांची नावे आली. आपण बँडची शिफारस करत असू, तर कोणत्या काळातील संचाची, हे आधी सांगून टाकावे.

आपल्या शिफारशीची परीक्षा आपणच आधी घ्यावी, आणि ती जरा कठोरपणे घ्यावी. हा कलाकार नसता तर ते काम दुसऱ्या कोणी त्याच सुमारास केले असते का? प्रभाव दाखवताना आपण केवळ साम्य दाखवत आहोत का? सारखे ऐकू येणारे दोघेही तिसऱ्याच कोणाकडून शिकलेले असू शकतात, म्हणून तारखा जुळवून पाहाव्यात आणि नंतरच्या कलाकाराने आधीच्याला खरोखर ऐकले होते याचा दाखला शोधावा. जागा थोड्याच असतात, त्यामुळे आपल्या उमेदवारासाठी त्या वर्षीच्या यादीतील कोणाला थांबवायचे, हेही सांगण्याची तयारी ठेवावी.

आणि ऐकवताना क्रम सांभाळावा. गॉस्पेल गायिका व गिटारवादक सिस्टर रोझेटा थार्प यांनी १९४७ साली किशोरवयीन लिटल रिचर्डला आपल्या कार्यक्रमात गाण्याची संधी दिली. तो मुलगा १९८६ च्या पहिल्या यादीत आला, आणि १९७३ साली निधन पावलेल्या थार्प यांचे नाव थेट २०१८ साली आले. ही हकिगत सांगण्याआधी त्यांचे १९४४ सालचे ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ कोणाचे आहे ते न सांगता लावावे, त्यानंतर १९५० च्या दशकातील चक बेरी लावावा, आणि दोन्हींत काय सारखे वाटले हे समोरचा स्वतः बोलेपर्यंत गप्प बसावे.