काँग्रेसमनच्या ऑफिसात फोन करताना

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ मी १६ वर्षं भाड्याने राहते. आमच्या काँग्रेसमनच्या ऑफिसात पहिल्यांदा फोन केला (इथली काँग्रेस म्हणजे संसद, पंजावाली नव्हे), तेव्हा भाडं कसं वाढलंय याचं दहा मिनिटं रडगाणं गायले. पलीकडच्या पोराने "सांगतो हं" म्हणून फोन ठेवला. चूक माझीच. मी काही मागितलंच नव्हतं.

तेव्हा आधी मागणी ठरवा. माझी मागणी व्हाउचरची असते, म्हणजे ज्याला लोक अजून ‘सेक्शन ८’ म्हणतात ते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी त्यावरच राहतात. आपल्या उत्पन्नाचे साधारण ३० टक्के त्या भरतात, उरलेलं भाडं सरकार घरमालकाला देतं. मेख अशी, की भाडी दरवर्षी वाढतात. संसदेने गेल्या वर्षीइतकेच पैसे दिले, तर ऐकायला कपात वाटत नाही, पण तेवढ्याच पैशांत कमी घरं भागतात. आधीच पात्र कुटुंबांपैकी चारातल्या जेमतेम एकाला केंद्राची भाडेमदत मिळते. म्हणून "घरं स्वस्त करा" म्हणू नका. हा पैसा ज्या विधेयकातून येतो त्याला ‘टी-हड’ म्हणतात, वाहतूक आणि गृहनिर्माण एकत्र. ते नाव घेतलं की समोरचा लिहून घेतो.

संसदेचा नंबर २०२-२२४-३१२१. ऑपरेटरला काँग्रेसमनचं नाव सांगा, तो जोडून देतो. मग आपल्या राज्याचे दोन सिनेटर. एकूण तीन फोन, चहा उकळेपर्यंत होतात. मी एवढंच बोलते (झिप म्हणजे इथला पिनकोड):

"मी झिप ०७३०६ मधली भाडेकरू. सध्याची सगळी व्हाउचरं चालू राहतील एवढी रक्कम टी-हडमध्ये ठेवा. याबद्दल त्यांची भूमिका काय आहे?"

आणि गप्प बसते. हे शेवटचं अवघड, आपल्याला तर फारच. झिप मात्र विसरू नका. मतदारसंघाबाहेरचा फोन फारसा धरत नाहीत. जमलं तर हाउसिंगचं काम कोण बघतं तेही विचारा आणि वरच्या आजींसारखी एक गोष्ट त्या माणसाला ईमेलने पाठवा. आजींना विचारून, नाव वगळून.

एच-वन, एच-फोरवाले (म्हणजे नोकरीच्या व्हिसावरचे आणि त्यांचे नवरे-बायका) म्हणतात, आपल्याला मत कुठंय? नसेना. निवडणुकीला देणगी देता येत नाही हे खरं, पण गाऱ्हाणं मांडायला नागरिकत्व लागत नाही. मी एच-फोरवर असतानाच सुरुवात केली.

भाडेकरूंच्या संरक्षणाचं खातं वेगळं. न्यू जर्सीत बहुतेक भाडेकरूंना कायद्यात बसणाऱ्या कारणाशिवाय घर खाली करायला लावता येत नाही, ते १९७४ च्या राज्याच्या कायद्यामुळे. डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, तोही राज्याचाच नियम. त्यासाठी ट्रेंटनला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, फोन करायचा. वॉशिंग्टनला करणं म्हणजे वॉर्डातल्या गटाराची तक्रार दिल्लीला नेणं. वॉशिंग्टनकडे मागण्यासारखी गोष्ट म्हणजे २०२० च्या केअर्स कायद्यातली, घर खाली करायला लावण्याआधीची ३० दिवसांची नोटीस. केंद्राचा आधार असलेल्या इमारतींपुरती आहे, ती काढू नका म्हणायचं.

वेळही पाळा. सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण आकडे वसंतात आणि उन्हाळ्यात ठरत जातात. ऑगस्टमध्ये सभासद मतदारसंघात असतात, तेव्हा फोनऐवजी स्थानिक ऑफिसात जा. दोघी-तिघी मिळून गेलात तर बरं. मी एकटी गेले होते तेव्हा त्यांना वाटलं, पासपोर्टचं काही अडलंय.